दुसऱ्या अंतऱ्यातली जागा

गाणं चालू असताना आवाज एकदम खाली गेला. बंदच पडला असता तर उठून फ्यूज पाहिला असता, पण बंद पडला नव्हता. कुणीतरी गाणं उचलून दोन खोल्या पलीकडे नेऊन ठेवावं तसा तो लांब गेला होता. मी अँप्लिफायरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. सळसळ वाढली आणि तिच्या आत, अगदी बारीक, गायिका गातच होती. तबकडीच्या या बाजूचं हे शेवटचं गाणं. दुसऱ्या अंतऱ्यात एके ठिकाणी ती वर चढते आणि तिथे, तारस्वरावर, तिचा आवाज फाटतो. गेली कित्येक वर्षं फाटतो. ती जागा जवळ आली की माझे खांदे आपोआप आखडतात, इतकी सवय झालेली. त्या संध्याकाळी मी स्पीकरच्या जाळीला कान लावून बसलो होतो. जागा आली, ती वर गेली, आणि आवाज फाटला नाही.

पेटीचं झाकण उघडलं. आत दोन ट्रान्झिस्टरचा प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा बारीक सिग्नल अँप्लिफायरसाठी मोठा करणारा भाग. मी कॉलेजात असताना केलेला आणि तेव्हापासून रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये निमूट बसलेला. वरवर सगळं जागच्या जागी होतं. लाकडी काडीने एकेक भाग हळूच हलवत गेलो, तेव्हा पहिल्या ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एमिटर नावाच्या पायावरचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डुलला. त्याचा एक पाय डागाच्या मुळाशी तडकला होता. सोल्डरिंग आयर्न तापवलं, राळेचा ओळखीचा धूर नाकात गेला, डाग वितळून पुन्हा चकाकला. आवाज परत आला, पहिल्यासारखा भरगच्च. सुई मागे नेऊन ठेवली. ती वर गेली आणि फाटली. पाय सोडवला, तर आवाज लांब गेला पण फाटणं नाही. पाय जोडला, तर आवाज जवळ आणि फाटणं हजर. असं मी पाच-सहा वेळा केलं असेन. शेवटी पाय सोडवूनच ठेवला आणि दिवा मालवला, पण झोप काही लागली नाही.

इतकी वर्षं मी तबकडीला दोष देत होतो.

तबकडी आईची. तिच्या लग्नाच्या आधीची, कोपरे मऊ पडलेल्या वेष्टनातली. "घासून गेलीय गं ती आता," असं मीच तिला एकदा सांगितलं होतं, वर थोडं शास्त्रही ऐकवलं होतं की सुई खाचेच्या भिंती झिजवते वगैरे. आईने ते निमूट मान्य केलं. त्यानंतर ती ते गाणं लावायला सांगेनाशी झाली. मला वाटलं, तिला आता तितकी आवड राहिली नसेल. खरं म्हणजे ती तबकडी जपत होती. आणि मनाच्या एका कोपऱ्यात मी त्या गायिकेलाही बोल लावला होता, की या जागी तिचा आवाज पुरत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. ज्या पेटीतून मी सगळ्यांची परीक्षा घेत होतो ती माझ्याच हातची होती, आणि तिच्यावर माझा संशय कधी गेला नव्हता.

त्या कपॅसिटरचं काम काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायाला १० किलोओहमचा रेझिस्टर, एमिटरला १ किलोओहमचा, म्हणजे गेन, सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, दहाच्या आसपास. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर मोठा कपॅसिटर टाकला की आवाजापुरता एमिटर थेट जमिनीवर टेकतो आणि मध्ये उरतो तो ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आतला विरोध. तो काढायची रीत सोपी आहे, २५ मिलिव्होल्टला कलेक्टरच्या करंटने भागायचं. माझ्या बोर्डावर ०.७ मिलिअँपिअर वाहत होता, म्हणजे जेमतेम ३६ ओहम. दहाचा गेन एका झटक्यात पावणेतीनशेवर जातो, आणि पाय तडकला की पुन्हा दहावर येतो. हे गणित मी परीक्षेत लिहिलेलं आहे. त्याची दुसरी बाजू मात्र कधी कानाशी जोडून पाहिली नव्हती. सिग्नल जिथे शिरतो तो तिसरा पाय म्हणजे बेस, आणि बेस आणि एमिटर यांच्यामधलं जंक्शन, म्हणजे जोड, सरळ रेषेत चालत नाही. व्होल्टेज थोडं वाढलं की करंट चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. नुसत्या १ मिलिव्होल्टच्या शिखराला साधारण १ टक्का विकृती, म्हणजे मूळ स्वरात नसलेली भर, येते, आणि ती सिग्नलच्या प्रमाणात वाढत जाते. सुई ज्यात बसवलेली असते ते मॅग्नेटिक कार्ट्रिज नेहमीच्या आवाजाला ५ मिलिव्होल्टच्या घरात देतं, त्याची शिखरं सातपर्यंत जातात. म्हणजे साध्या ओळीतसुद्धा सहा-सात टक्के. ती वर चढते तिथे त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि कलेक्टरला वर-खाली व्हायला जे चार-पाच व्होल्ट मिळतात तेही तिथेच संपतात. डोकं छताला आपटावं तसा स्वर आपटत होता.

दुसरी गोष्ट मला उशिरा उमगली. कार्ट्रिजच्या आत बारीक तारेची गुंडाळी असते, अर्ध्या हेन्रीच्या आसपासची, आणि तिला पुढे ४७ किलोओहमचा भार हवा असतो. माझा ट्रान्झिस्टर, त्याच कपॅसिटरमुळे, तिला १२-१३ किलोओहमच दाखवत होता. तेवढ्यावर चार हजार हर्ट्झच्या पुढचं सगळं हळूहळू विझत जातं. पाय तुटला आणि भार आपोआप पन्नासच्या आसपास पोचला. त्या संध्याकाळी लांबून येणाऱ्या गाण्यात झांजेची कडा ऐकू आली होती आणि ती कुठून आली हे मला कळलं नव्हतं, ती इथून आली होती.

हे सर्किट मामाच्या वहीतलं. मामाची वही म्हणजे निळ्या शाईतल्या आकृत्या, तेलकट बोटांचे ठसे आणि समासात बारीक अक्षरातल्या सूचना. या आकृतीपाशी त्याने लिहिलंय, "इथे कंडेन्सर घातल्यास आवाज पुष्कळ वाढतो," आणि "पुष्कळ"खाली दोन रेघा. कंडेन्सर म्हणजे कपॅसिटरच. त्या दोन रेघा आजही पाहिल्या की मला त्याचा चेहरा दिसतो. त्याच्याकडे जो अँप्लिफायर होता त्याला दमच नव्हता, स्पीकर तर एका मोडक्या रेडिओतून काढलेला. घरातल्या शेवटच्या खोलीत गाणं ऐकू गेलं पाहिजे, एवढीच त्याची मागणी होती, आणि एका कंडेन्सरने ती पूर्ण केली. मला पहिला ट्रान्झिस्टर हातात दिला तोही त्यानेच. धातूच्या टोपीचा बीसी १०९, मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा, कडेला एक इवलंसं टोक निघालेलं. "टोक कुठे आहे बघ, तिथे एमिटर. एवढं लक्षात ठेवलंस की उलटा बसायचा नाही." डाग देताना पाय पक्कडीत धरायचा, म्हणजे उष्णता वर चढण्याआधी पक्कड ती पिऊन टाकते, हेही त्याचंच. माझे हात अजून तसेच चालतात. आजचे काळे प्लास्टिकचे ट्रान्झिस्टर एवढे नाजूक राहिलेले नाहीत, तरी मी पक्कड धरतो.

म्हणून मला त्याच्यावर रागावता येईना. त्याने चूक केलीच नव्हती. त्याला हवं होतं ते त्याने मिळवलं होतं. चूक माझी, की घरात चांगला दमदार अँप्लिफायर आल्यावरही मी त्याची गरज माझी समजून वीस वर्षं वापरत राहिलो.

नवीन करायचा हे ठरलं, पण कसा, यात पुढचे दोन महिने गेले. सगळ्यांत सोपा उपाय समोरच होता. पाय तुटलेलाच ठेवायचा आणि कमी पडलेला गेन पुढे आणखी एक टप्पा घालून भरून काढायचा. एका रविवारी तसं करूनही पाहिलं. फाटणं गेलं, पण सळसळ आली. सुई वर उचलून ठेवलेली, हेडफोन कानाला, आणि आत कोरड्या पानांवर पावसाची भुरभुर चालू असावी असा आवाज. रेझिस्टरला काही न जोडताही तो गप्प बसत नाही. त्याच्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत हलत असतात आणि त्या हालचालीचंच एक इवलं व्होल्टेज त्याच्या दोन टोकांना उमटत राहतं. जॉन्सनने ते मोजलं, नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं, दोघांचे लेख १९२८चे. १ किलोओहमचा रेझिस्टर खोलीच्या तापमानाला, ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यात मिळून, अर्ध्या मायक्रोव्होल्टहून थोडं जास्त देतो. ऐकायला काहीच नाही, पण एमिटरचा रेझिस्टर सुईच्या सिग्नलच्या वाटेतच बसलेला असतो, त्यामुळे त्याची कुजबुज गाण्याबरोबरच वाढत जाते. शिवाय तबकडीवर खर्ज दाबून आणि वरचे स्वर चढवून कोरलेले असतात, ते सरळ करणारं रेझिस्टर-कपॅसिटरचं जाळं माझ्या जुन्या बोर्डावर दोन टप्प्यांच्या मध्ये होतं. ते जाळं मधल्या स्वरांना दहा पटीने खाली आणतं. पहिल्या टप्प्याने दहा पटीने वाढवायचं आणि जाळ्याने दहा पटीने कमी करायचं, म्हणजे दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या हातात पुन्हा सुईएवढाच बारीक सिग्नल, आणि त्यात त्याची स्वतःची सळसळ वेगळी.

म्हणजे गेन तर भरपूर हवा, आणि तो जंक्शनला ताण न देता हवा. या दोन गोष्टी मला एकमेकींच्या विरुद्ध वाटत होत्या. हॅरॉल्ड ब्लॅक नावाच्या इंजिनिअरला टेलिफोनच्या लांबलांब तारांवरच्या अँप्लिफायरची हीच अडचण सहा वर्षं छळत होती. २ ऑगस्ट १९२७च्या सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर, त्याला उत्तर सुचलं आणि त्याने ते हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर उतरवलं. गरजेपेक्षा किती तरी जास्त गेन आधी कमवायचा, आणि त्यातला बराचसा मागे, सुरुवातीला, उलटा नेऊन द्यायचा. हाताशी आलेलं परत करायचं, हे लोकांना इतकं विचित्र वाटलं की पेटंट पदरात पडायला १९३७चा डिसेंबर उजाडला. ही गोष्ट मी पूर्वीही वाचली होती, पण तिच्यामागची सहा वर्षं मला तेव्हा जाणवली नव्हती.

दोन ट्रान्झिस्टरची जी जुनी जोडी आहे, साठ-सत्तरच्या दशकांतल्या असंख्य प्रीअँपमध्ये असलेली, ती मी त्या दिवसांत कागदावर पुन्हा पुन्हा काढली. तिच्यात मला अजूनही काहीतरी देखणं वाटतं. पहिल्याचा कलेक्टर थेट दुसऱ्याच्या बेसला जोडलेला, मध्ये कपॅसिटर नाही. दुसऱ्याच्या एमिटरकडून एक रेझिस्टर मागे पहिल्याच्या बेसकडे येतो. पहिला तापला, त्याचा करंट वाढू लागला, तर त्याचा कलेक्टर खाली येतो, त्याच्याबरोबर दुसऱ्याचा बेस आणि एमिटर खाली येतात, आणि त्या रेझिस्टरमधून पहिल्याचा बेसही खाली ओढला जाऊन करंट पूर्वपदावर येतो. एकाने घसरायचं आणि दुसऱ्याने हात द्यायचा. दुसरी वाट आवाजाची. दुसऱ्याच्या कलेक्टरवरून सिग्नल मागे पहिल्याच्या एमिटरला येतो. सुईने बेस ५ मिलिव्होल्ट वर उचलला की एमिटरही जवळजवळ तेवढाच वर उचलला जातो. बेसबरोबर एमिटर पावलाला पाऊल लावून चालतो, आणि जंक्शनच्या वाट्याला येतो तो दोघांच्या पावलांतला फरक, मिलिव्होल्टचा काही हिस्सा. एका मिलिव्होल्टला एक टक्का, हे गणित मी आधी पाठ केलं होतंच. आता ते उलट्या बाजूने माझ्या कामाला आलं. जंक्शन होतं तसंच वाकडं आहे. त्याला वाकडेपणा दाखवायला वावच उरत नाही.

मी ही जोडी नक्की केली, बोर्ड कापायलाही घेतला, आणि मग त्या मागे येणाऱ्या वाटेचा हिशेब मांडला. सळसळ कमी हवी तर पहिल्याच्या एमिटरचा रेझिस्टर लहान हवा. मी ३३० ओहम धरला. तो लहान केला की त्याच्याबरोबरचं सगळं जाळंही त्याच प्रमाणात लहान, कारण तबकडीवरचे स्वर सरळ करायचं काम आता त्याच जाळ्यात होणार होतं. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद, हे त्या कामाचे तीन आकडे जगभर ठरलेले, त्यात तडजोड नाही. २० हर्ट्झला गेन तीनशेच्या पुढे, १ किलोहर्ट्झला ३५, २० किलोहर्ट्झला चारच्याही खाली. वरच्या टोकाला एवढा कमी गेन म्हणजे त्या जाळ्याचा विरोध तिथे हजार ओहमच्याही आत येतो. आणि ते ओढायचं कुणी? तर १० किलोओहमवर उभ्या असलेल्या दुसऱ्या कलेक्टरने. कुपोषित माणसाच्या डोक्यावर पोतं द्यावं तसं ते झालं असतं. वरच्या स्वरांत, म्हणजे मला जिथे फाटणं नको होतं तिथेच, त्याला धाप लागली असती. सळसळीसाठी रेझिस्टर लहान, लहान रेझिस्टरसाठी मजबूत हात, आणि मजबूत हातासाठी तिसरा ट्रान्झिस्टर. हा तिसरा काहीच वाढवत नाही. तो एमिटर फॉलोअर, त्याच्या बेसवर जे येतं तेच एमिटरवर देतो, फक्त त्यामागे बळ उभं करतो. दुसऱ्यावरचं सगळं ओझं तो स्वतःवर घेतो. कागदावर हा तिसरा काढला त्या क्षणी निवड झाली, हे मला आतून कळलं. एका तडकलेल्या पायापासून तिथपर्यंत एकेक पाऊल कारणाला धरून पडलं होतं.

मोह झाले नाहीत असं नाही. पुढे डिफरन्शियल जोडी, म्हणजे समोरासमोर बांधलेले दोन सारखे ट्रान्झिस्टर, घ्यावी असं फार वाटत होतं. ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरची ती कल्पना इतकी नेटकी आहे की कागदावर काढतानाच मन शांत होतं. पण तिथे दोन ट्रान्झिस्टर सिग्नलच्या वाटेत येतात आणि दोघांच्या सळसळीची बेरीज होते, साधारण ३ डेसिबलने जास्त. सुईसाठी एकटाच बरा. एक जुना मित्र, ज्याच्या शब्दाला मी मान देतो, तो म्हणाला, "अरे, आठ पायांच्या एका आयसीत तुझं सगळं काम होईल, आणि मोजलंस तर तुझ्यापेक्षा चांगलं येईल." त्याचं खरं होतं. आयसी नको म्हणण्यामागे माझं कारण आवाजाचं नव्हतंच. एका बंद पेटीवर वीस वर्षं डोळे झाकून विश्वास टाकून मी नुकताच बाहेर आलो होतो. पुन्हा झाकलेली वस्तू मला नको होती, ती कितीही चांगली असली तरी. एवढंच त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि त्याच्याकडचे चार बीसी ५४९ सी मला काढून दिले.

पहिल्या ट्रान्झिस्टरमधून किती करंट वाहू द्यायचा यावर मी जितका वेळ घालवला तितका दुसऱ्या कशावरच नाही. करंट वाढवला की ट्रान्झिस्टरची व्होल्टेजची सळसळ कमी होते, पण बेसमध्ये शिरणाऱ्या करंटची सळसळ वाढते, आणि कार्ट्रिजची गुंडाळी वरच्या स्वरांना तीस-तीस किलोओहम दाखवत असल्याने तिच्यावर ती दुसरी सळसळ मोठी होऊन उमटते. मामाच्या वहीवरून केलेल्या त्या जुन्या बोर्डावर ०.७ मिलिअँपिअर होता. मी ५० मायक्रोअँपिअरपासून सुरुवात केली, रेझिस्टर बदलत बदलत वर गेलो, प्रत्येक वेळी सुई उचललेली, हेडफोन कानाला, डोळे मिटलेले. शंभरच्या आसपास कुठेतरी ती भुरभुर सगळ्यांत बारीक झाली. गणितही तेवढंच सांगत होतं, तरी कानाने ते ऐकेपर्यंत मला स्वस्थता नव्हती. रात्र होती, घर झोपलेलं, आणि मी शांततेचा आवाज किती आहे ते मोजत बसलो होतो.

पहिल्या रात्री सुई वर असताना पेटीतून एक माणूस बोलायला लागला.

बातम्या देत होता. आवाज लांबचा, चिरका, पण शब्द कळण्याइतका स्पष्ट. क्षणभर अंगावर काटा आला. मग लक्षात आलं, की कार्ट्रिजकडून येणारी तार एरियल झाली होती, आणि पहिलंच जंक्शन तो रेडिओ उलगडून देत होतं. ज्या वाकडेपणाला मी दोन महिने आवर घालत होतो तोच तिथे कामाला लागला होता. मामाचा अगदी पहिला रेडिओ याच गुणावर चालायचा. एक डायोड, एक गुंडाळी, कानाला लावायचा एक इअरफोन, बॅटरी नाही. तो असता तर त्याने बेसच्या वाटेत लहानसा रेझिस्टर आणि १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकायला मला मनाई केली असती, निदान त्या रात्रीपुरती. मी लगेच टाकला नाही. बातम्या संपेपर्यंत बसलो, मग डाग दिला आणि तो माणूस गेला.

बोर्ड पेटीत बसवताना जुना बोर्ड काढून टाकायचा होता, पण तो मी बाजूला सरकवला, कपॅसिटरचा पाय पुन्हा नीट जोडला, आणि दोघांच्यामध्ये एक स्विच घातला. वर केला की नवा, खाली केला की मामाचा. १९४७च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटेन यांनी पहिला ट्रान्झिस्टर वरिष्ठांना दाखवला, तेव्हाही तो सर्किटमध्ये घालून आणि काढून बोलणं ऐकवलं होतं. घातला की आवाज मोठा, काढला की लहान. ट्रान्झिस्टर चालतो याची ग्वाही त्या दिवशी मीटरबरोबर कानानेही दिली. मलाही निकाल कानाकडूनच हवा होता, आणि कान माझा नको होता. मी दोन महिने त्या जागेची वाट पाहत होतो, मला जे हवं तेच ऐकू आलं असतं.

आईला खुर्चीत बसवलं. तिला काहीच सांगितलं नाही, फक्त गाणं लावलं. पहिला अंतरा नव्या बोर्डावर, मग स्विच खाली, मग पुन्हा वर. दोघांचा आवाज सारखा करायला मी आधी बराच वेळ खर्च केला होता, कारण जरा मोठं ते चांगलं वाटतं, हे कुणालाच चुकत नाही. आई डोळे मिटून ऐकत होती. बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हे आत्ताचं स्वच्छ आहे. पण मघाचं भरल्यासारखं लागत होतं रे. ती जवळ बसल्यासारखी." मघाचं म्हणजे मामाचं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि ती चुकत नव्हती. एका ट्रान्झिस्टरची विकृती ही बहुतांश दुप्पट कंपनांची असते, आणि दुप्पट कंपनं म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. तिने सा लावला की मामाचा बोर्ड त्याच्यावर बारीकसा वरचा सा ठेवायचा. एकटा गळा असला की ते जाड, उबदार लागतं, कुणीतरी मागे अलगद सूर धरल्यासारखं. साज भरला की मात्र दोन स्वरांची बेरीज आणि वजाबाकी होऊन जे गाण्यात नाहीत असे सूर उगवतात आणि सगळं गढूळ होतं. आईने आयुष्यभर ते गाणं असंच, मामाच्या वरच्या सा-सकट ऐकलं होतं. तिच्यासाठी तो गायिकेच्या गळ्याचाच भाग होता. मी तिच्या आठवणीतून काहीतरी खरवडून काढत होतो की तिच्यावर चढलेली धूळ पुसत होतो, हे मला त्या खुर्चीशेजारी उभं राहून ठरवता येईना. आजही येत नाही.

दुसरा अंतरा आला. स्विच वर होता. माझे खांदे सवयीने आखडले. ती वर गेली, स्वर उघडला, टिकला, आणि अगदी शेवटाला, उतरताना, एक बारीक चरा आला. लांबून, कान जाळीला लावून ऐकताना मला तो त्या पहिल्या संध्याकाळी कळला नव्हता. मी सुई मागे नेली. पुन्हा तिथेच, तेवढाच. स्विच खाली केला, तेव्हा तो मोठ्या फाटण्यात बुडून गेला. वर केला, पुन्हा दिसू लागला. हे तबकडीचं होतं. बाजूचं शेवटचं गाणं मध्याच्या अगदी जवळ असतं. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच सरकते, इथे जेमतेम वीस-एकवीस, आणि तेवढ्याच नागमोडी वळणांना निम्म्याहून कमी लांबीत बसावं लागतं. त्यात इतक्या वर्षांची झीज. म्हणजे मी आईला सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं.

"इथे थोडी घासलीय," आई डोळे न उघडता म्हणाली. "तू म्हणाला होतास."

"थोडीच आहे गं," मी म्हणालो.

"मग पुन्हा लाव की."

मी सुई उचलली. स्विचवर बोट ठेवून क्षणभर थांबलो, तो होता तसाच वर राहू दिला, आणि गाणं पहिल्यापासून लावलं.